ओळीच्या शेवटी शब्द तुटतात, ते कमी कसे करायचे? (मराठी पुस्तक, इनडिझाइन)

पेठेतली डीटीपीवाली

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेत घरीच डीटीपीची कामं घेते, पानं इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावते. सध्या हातात पुण्याचे जुने हौद आणि कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत आणलेला पेशवेकालीन नळ यावरचं पुस्तक आहे. डेमी साइज. मुख्य मजकूर एका कॉलमात, मागे हौदांची सूची आणि टिपा दोन कॉलमांत. लेखक निवृत्त संस्कृत शिक्षक. पहिलं प्रूफ परत आलं ते लाल गोलांनी भरून. शुद्धलेखनाचं फारसं काही नाही, पण जिथे जिथे ओळीच्या शेवटी शब्द तुटून हायफन आला तिथे गोल. पहिल्या पानाच्या समासात 'शब्द मोडू नयेत' अशी सूचना, खाली दोन रेघा.

सरांचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. नमुने बघा:

'शनिवारवाड्याप-' इथे ओळ संपली, खाली 'र्यंतच्या'.

'हौदां-' वर, 'त' खाली. एका अक्षरासाठी!

'नवरा-' वर आणि खालच्या ओळीत 'त्रात'. इथे सरांनी नुसता गोल केला नाही, बाजूला 'कोणाचा?' असं लिहिलंय.

सूचीत तर एकाखाली एक तीन-तीन ओळींना हायफन लटकलेत.

मग मी पॅराग्राफ पॅनलमधली हायफनेटची खूण सरळ काढून टाकली. हायफन गेले, पण सूचीतल्या ओळींत दोन शब्दांमधून रिक्षा जाईल एवढी जागा पडली. सरांना विचारलं, सूची डावीकडे जुळवून उजवी कड मोकळी सोडू का? उत्तर आलं, 'हे पुस्तक आहे, पत्र नव्हे.'

आणखी एक भानगड. तीन प्रकरणं म्हणजे सरांचे मासिकात आलेले जुने लेख आहेत, आणि त्यांची फाइल जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये आहे. तिथे 'कि'ची वेलांटी वरच्या ओळीत आणि 'क' खालच्या ओळीत, असेही प्रकार झालेत.

हायफन पूर्ण बंदही नकोत आणि असे गावभरही नकोत, यातला मधला रस्ता कोणी सांगेल का? सुट्टे शब्द हाताने पुढे-मागे ढकलत बसायची तयारी नाही. सर दुसऱ्या प्रुफात मजकूर बदलणार, हे काळ्या दगडावरची रेघ.

ग्रिडवाला

ताई, सर्वात आधी जुन्या फॉन्टची तीन प्रकरणं बाजूला काढा. त्यांचा आजार वेगळा आहे. त्या फाइलमध्ये डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच भरलेली असतात. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. इनडिझाइनला ते इंग्रजी वाटतं, आणि मजकुराला भाषा इंग्रजी लागलेली असेल तर ते बिचारं इंग्रजी शब्दकोशाच्या नियमांनी शब्द तोडतं. ऱ्हस्व वेलांटी त्या पद्धतीत व्यंजनाच्या आधी टाइप झालेली असते, म्हणून वेलांटी वर आणि 'क' खाली.

तिथे सेटिंगशी खेळण्यात अर्थ नाही. प्रकरणं युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या. जोडाक्षरं, रफार आणि अवतरणचिन्हं नंतर डोळ्यांखालून घाला, कन्व्हर्टर तिथेच गडबड करतात. तेवढा वेळच नसेल तर त्या मजकुराला कॅरेक्टर पॅनलमधून भाषा 'नो लँग्वेज' द्या, तुटणं थांबेल. पण ती मलमपट्टी झाली. त्या प्रकरणांत शब्द शोधता येणार नाहीत, ई-बुक निघणार नाही. कन्व्हर्टच करा.

आता युनिकोडच्या मजकुराकडे. दोन गोष्टी तपासा. भाषा मराठी लागली आहे का? आणि कम्पोझर, म्हणजे ओळी कुठे मोडायच्या ते ठरवणारी सोय, कोणता आहे? देवनागरीसाठी 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कम्पोझर' हवा. तो अख्खा परिच्छेद एकदम बघून ओळी ठरवतो. सिंगल-लाइनवाला एकेक ओळ भरत जातो आणि अडचण आली की हायफन टाकून मोकळा होतो.

त्यानंतर पॅराग्राफ स्टाइलमधलं हायफनेशन उघडा. मूळ आकडे असे असतात: शब्द किमान ५ अक्षरांचा, सुरुवातीची २ सोडून, शेवटची २ राखून, आणि लागोपाठ ३ ओळींपर्यंत हायफन चालेल. मी मराठी पुस्तकाला ८, ३, ३ आणि १ ठेवतो. देवनागरीत काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात की नाही याचा काथ्याकूट करू नका. आकडा बदला, एक पान छापा, सुटं अक्षर अजून खाली पडतंय का बघा, पडत असेल तर ३ चे ४ करा. तिथेच 'शेवटचा शब्द' आणि 'कॉलम ओलांडून' अशा दोन खुणा आहेत, दोन्ही काढा. परिच्छेदाचा शेवटचा शब्द तुटून शेवटच्या ओळीत नुसतं 'च्या' उरणं आणि कॉलमाच्या तळाशी शब्द तोडून वाचकाला वर पाठवणं, हे सरांनी लाल गोल न करताही चूकच आहे. खाली एक सरकपट्टी दिसेल, एका टोकाला चांगली जागा, दुसऱ्या टोकाला कमी हायफन. ती कमी हायफनकडे थोडी सरकवा. हायफनेशन झोनचा आकडा मात्र बदलत बसू नका, तो फक्त सिंगल-लाइन कम्पोझरने लावलेल्या आणि जस्टिफाय न केलेल्या (उजवी कड मोकळी असलेल्या) मजकुरालाच लागू होतो.

आणि खरी मेख जस्टिफिकेशनमध्ये आहे. वर्ड स्पेसिंग, म्हणजे शब्दांमधली जागा, मुळात किमान ८०, इष्ट १००, कमाल १३३ टक्के असतं. मी ७५, १००, १५० करतो. ग्लिफ स्केलिंग (अक्षराची रुंदी) ९८ ते १०२, त्यापलीकडे गेलात तर अक्षरं चेपलेली दिसतात. लेटर स्पेसिंगला (अक्षरांमधल्या जागेला) हात लावायचा नाही, तिन्ही रकान्यांत शून्य. इंग्रजीच्या ट्युटोरियलमध्ये सगळे तिथे ५ टक्के द्यायला सांगतात. आपल्याकडे अक्षरं लांब गेली की शिरोरेषा तुटते, आणि मग सर हायफन सोडून त्या फटींना गोल करतील.

खिळेजुळारी

वरच्यांनी यंत्राचं सांगितलं, मी हाताचं सांगतो. मी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, आता मुद्रितशोधन करतो. आप्पा बळवंत चौकात पुस्तक उघडून उभा राहिलो की मजकुराआधी ओळींच्या उजव्या कडा दिसतात, ही खोड आता जायची नाही.

आपल्या भाषेत ही अडचण मोठी का, हे लक्षात घ्या. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं आपण शब्दाला जोडून लिहितो. हिंदीवाला 'शनिवारवाड़ा तक के' असे तीन शब्द लिहितो, त्याला ओळ मोडायला दोन जागा आयत्या मिळतात. आपण 'शनिवारवाड्यापर्यंतच्या' असा एकच दांडगा शब्द लिहितो. पाच सेंटिमीटरच्या कॉलमात असा शब्द आला की तो मोडा, नाहीतर आधीची ओळ ताणा. तिसरा पर्याय नाही. म्हणून 'शब्द मोडू नयेत' हा हुकूम एका कॉलमाच्या मजकुरात निभावेल, सूचीत निभावणार नाही. सरांना मोडलेला आणि ताणलेला असे दोन्ही नमुने छापून दाखवून सांगा. फोनवर सांगू नका, फोनवर शिक्षकांचंच खरं ठरतं.

मोडायचा तर कुठे? जिथे शब्द मुळात जोडला गेलाय तिथे. 'शनिवारवाड्या-पर्यंतच्या' कोणाला खटकणार नाही. 'पाणी-पुरवठ्यासाठी' चालेल, 'पाणीपुरवठ्या-साठी' त्याहून बरं. 'पाणीपुर-वठ्यासाठी' वाचताना अडखळायला होतं. साठी, पर्यंत, मध्ये, बद्दल, खाली यांच्या आधी मोडा. पण नुसता 'त', 'ला', 'ने', 'चा' खाली टाकू नका. जोडाक्षर तर कधीच फोडायचं नाही, आणि रफार असलेलं अक्षर ओळीच्या तोंडाशी आलं की डोळा अडकतो. तुमचं 'र्यंतच्या' त्यातलंच.

वरचा तुकडा स्वतंत्र शब्द होऊन भलताच अर्थ देत असेल तर ती जागा सोडायची. 'नवरा-त्र' हे जुनं दुखणं आहे, आमच्या वेळी दर आश्विनात कोणत्या ना कोणत्या जाहिरातीत निघायचंच. 'दिवा-ळी' त्या मानाने निरुपद्रवी. आडनावं, गावांची नावं, आकडे आणि त्यांची एककं मोडायची नाहीत. उजव्या पानाच्या शेवटच्या ओळीत तर मुळीच नाही, वाचक पान उलटेपर्यंत अर्धा शब्द तोंडात धरून बसतो.

खिळ्यांच्या काळी आमच्याकडे जाड-बारीक स्पेस असायच्या. एका ओळीत सरसकट जाड घालण्याऐवजी स्वल्पविरामानंतर आणि पूर्णविरामानंतर थोडी जास्त, 'व' आणि 'ही' असल्या बारक्या शब्दांच्या आसपास थोडी कमी, अशी वाटून द्यायचो. त्यात मोडायचे शब्द आपोआप कमी व्हायचे. आणि फारच अडलं तर लेखकाकडे जाऊन 'त्याचप्रमाणे'चं 'तसेच' करून घ्यायचं. लेखक बहुधा ऐकायचे. मजकूर आपला आहे आणि सुटसुटीत झालाय, हे त्यांना दिसायचं.

पेठेतली डीटीपीवाली

दोघांचेही मनापासून आभार. काका, 'फोनवर शिक्षकांचंच खरं ठरतं' हे वाचून घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

८, ३, ३, १ आणि ७५-१००-१५० लावून बघितलं. मुख्य मजकुरात जादूच झाली, पानाला एखादा हायफन दिसतो, तोही बऱ्या जागी. सूचीत मात्र अजून कुरबूर आहे. शिवाय आडनावांचं काय करू? 'फडके हौद', 'फडक्यांचा वाडा', 'फडक्यांनी', असं सगळ्या रूपांत येतं आणि नेमकं तेच तुटतं. यूझर डिक्शनरीत शब्दाच्या आधी ~ हे चिन्ह टाकून शब्द घातला तर तो तुटत नाही, हे माहीत आहे, पण एकेका आडनावाची किती रूपं घालू?

गोटीसोडा

वर्डमध्ये करा की. तिथे मुळात शब्द तुटतच नाहीत.

ग्रिडवाला

वर्डमध्ये ऑटो हायफनेशन बंद असतं म्हणून तुटत नाहीत हो. जस्टिफाय करून दोन कॉलम करा, मग रिक्षाच काय, पीएमपीची बस जाईल.

ताई, डिक्शनरीचा नाद सोडा. मराठीत सामान्यरूपामुळे एका नावाची डझनावारी रूपं होतात, सगळी घालणं कोणाच्या बापाला जमणार नाही. त्याऐवजी एक कॅरेक्टर स्टाइल करा, तिच्यात फक्त 'नो ब्रेक' चालू. मग पॅराग्राफ स्टाइलमध्ये ग्रेप स्टाइल (अक्षरांचा नमुना ओळखून आपोआप लागणारी स्टाइल) टाकून सांगा की 'फडक'ने सुरू होणाऱ्या प्रत्येक शब्दाला ही स्टाइल लागू दे. 'फडके', 'फडक्यांनी', 'फडक्यांच्याकडे' सगळे एका फटक्यात येतात. मध्ये उभी रेघ देऊन बाकीची आडनावंही त्याच ओळीत जोडा. आकडा आणि 'फूट', 'कोस' यांच्यातली जागा सुटू नये म्हणूनही हीच युक्ती.

एक धोका. नो ब्रेक दिलेला तुकडा कॉलमापेक्षा लांब असेल तर तो बसायला जागाच उरत नाही, मजकूर पुढे जात नाही आणि फ्रेमच्या कोपऱ्यात ओव्हरसेटचं, म्हणजे न मावलेल्या मजकुराचं, लाल अधिकचिन्ह दिसतं. त्यामुळे ग्रेपची ओळ शब्दापुरतीच ठेवा, अख्खं वाक्य तिच्या तावडीत येता कामा नये.

'नवरात्र'सारख्यांना दुसरा इलाज. शब्दात कंट्रोल-शिफ्ट-हायफनने डिस्क्रिशनरी (ऐच्छिक) हायफन टाका. तो टाकला की शब्द तुटला तर फक्त त्याच जागी तुटतो, दुसरीकडे नाही. 'नव' आणि 'रात्रात' यांच्या मध्ये टाकला की नवऱ्याचा प्रश्न मिटला. शब्दाच्या अगदी सुरुवातीला टाकला तर तो शब्द तुटतच नाही. आणि मजकूर बदलून शब्द ओळीच्या मध्ये आला तर हायफन छापला जात नाही. 'शनिवारवाड्यापर्यंतच्या'साठीही हेच.

गणितमास्तर

मी कॉलेजच्या नोट्स टेक (TeX) या टाइपसेटिंगच्या प्रोग्राममध्ये करतो, त्यामुळे इनडिझाइनचं मला काही कळत नाही. पण अख्खा परिच्छेद एकदम बघायची जी गोष्ट वर आली, ती टेकचे जनक डोनाल्ड नूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१च्या शोधनिबंधात सविस्तर मांडली. टेकमध्ये ती उघड्यावर दिसते, म्हणून तिचे खटके सांगतो. इथे कोणी झीलाटेकमध्ये (युनिकोड चालवणाऱ्या झीटेक या टेकच्या प्रकारावर) मराठी लावत असेल तर उपयोग होईल.

टेक आधी एकही शब्द न मोडता परिच्छेद बसवून बघतो. ओळींचा ताण प्रीटॉलरन्सच्या आत बसला, म्हणजे नेहमीच्या १००च्या आत, तर काम झालं, हायफनचा विचारच होत नाही. नाही बसला तरच दुसऱ्या फेरीत शब्द मोडायच्या जागा शोधतो, आणि तिथे टॉलरन्स २०० असतो. प्रत्येक हायफनला दंड आहे, हायफन-पेनल्टी, मुळात ५०. बहुतेक लोक घाईने हा दंड १०००० करतात. १०००० म्हणजे टेकच्या भाषेत सक्त मनाई. मग ओळी समासाबाहेर जातात आणि लोक टेकला शिव्या देतात. दंड ५००च्या आसपास ठेवा, टॉलरन्स वाढवा, आणि इमर्जन्सी-स्ट्रेचमध्ये थोडी लांबी द्या. पहिल्या दोन फेऱ्या फसल्या तर तिसऱ्या फेरीत टेक प्रत्येक ओळीत तेवढा जास्तीचा ताण आहे असं धरून चालतो. माझ्या अनुभवात हायफनच्या तक्रारी या तिघांच्या जोडीने सुटतात, एकट्या दंडाने नाही. लागोपाठच्या दोन ओळींत हायफन आले तर त्याचा वेगळा दंड आहे, परिच्छेदाच्या शेवटून दुसऱ्या ओळीत आला तर त्याचाही. दोन्ही वाढवता येतात.

शब्द कुठे मोडायचा हे नमुन्यांच्या यादीवरून ठरतं. ती पद्धत फ्रँक लिआंग यांच्या स्टॅनफर्डमधल्या १९८३च्या प्रबंधातली. मराठीसाठीही टेकमध्ये यादी आहे, पण ती अक्षर फुटू नये एवढंच सांभाळते. 'प' नंतर 'र्यंत' हे तिच्या हिशेबी अगदी योग्य. खिळेजुळारी काकांनी सांगितलेली प्रत्ययाची जाण तिला नाही. म्हणून डावीकडे आणि उजवीकडे किमान किती अक्षरं राखायची ते आकडे वाढवा, आणि अडेल त्या शब्दांची अपवाद-यादी फाइलच्या वरच्या भागात द्या. यादीतही रूपांची अडचण तीच, प्रत्येक रूप वेगळं घालावं लागतं.

टेकच्या मायक्रोटाइप या पॅकेजबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो. अक्षर किंचित रुंद-अरुंद करून हायफन वाचवायची त्याची सोय झीटेकवर चालत नाही. तिथे फक्त विरामचिन्हं समासात थोडी बाहेर काढता येतात.

खिळेजुळारी

मास्तर, आम्ही जे पोटावर हात ठेवून करायचो त्याला आकडे आहेत हे वाचून बरं वाटलं.

डीटीपीवाल्या ताई, सूचीचं अजून एक सांगायचं राहिलं. दोन कॉलमांचा हट्ट कोणाचा? सूचीत नाव, पेठ, आणि एका ओळीची माहिती असेल तर ती एकाच कॉलमात लावा, टाइप एक पॉइंटने लहान करा. पानं किती वाढतात ते बघा, बहुतेक फारशी नाही. दोन कॉलम ठेवायचेच असतील तर उजवी कड मोकळी सोडण्याबद्दल सरांशी पुन्हा बोला. शब्दकोशांत, सूचींत, तळटिपांत ते चालतं. जस्टिफायचा मान मुख्य मजकुराला पुरे.

पेठेतली डीटीपीवाली

दोन्ही करून सरांकडे नेलं: एका बाजूला दोन कॉलम, मोकळी कड आणि हायफन नाहीत, दुसऱ्या बाजूला एक कॉलम जस्टिफाय. सरांनी बराच वेळ चष्मा वर-खाली केला आणि एक कॉलम निवडला. 'मोकळी कड बघवत नाही,' म्हणाले. ठीक आहे, माझं काम झालं. 'नवरात्र' आता 'नव-रात्र' असंच तुटतं आणि तिथे त्यांनी छोटीशी बरोबरची खूण केली आहे.

कन्व्हर्ट केलेल्या तीन प्रकरणांत मात्र नवीन किडे निघालेत. मासिकाच्या वेळच्या ऑपरेटरने ओळ मोडायला हाताने हायफन टाइप केले होते. आता कॉलमाची रुंदी बदलल्यावर ते सगळे ओळीच्या मध्ये आलेत. 'पुण्या-तील', 'बांध-काम', असं ठिकठिकाणी. फाइंड-चेंजने सगळे हायफन उडवून टाकू का?

ग्रिडवाला

'चेंज ऑल'ला बोट लावू नका. सरांच्या मजकुरात 'आई-वडील', 'येणे-जाणे', 'इ.स. १७४९-५०' असले खरे हायफनही असणार, ते सगळे चिकटतील. ग्रेप फाइंडमध्ये दोन देवनागरी अक्षरांच्या मधला हायफन शोधायला लावा, म्हणजे आकडे आपोआप वगळले जातील, आणि मग एकेक बघत 'चेंज' किंवा 'फाइंड नेक्स्ट' करत चला. एका प्रकरणाला चहाचा एक कप लागतो.

त्याआधी टेक्स्ट फाइंडमध्ये ^- टाकून बघा. कन्व्हर्टर किंवा वर्डमधून आलेले छुपे ऐच्छिक हायफन त्याने सापडतात. ते या शोधात सरसकट उडवले तरी चालतील, फक्त तुम्ही स्वतः 'नवरात्र'मध्ये घातलेला त्यात जाणार नाही एवढं बघा. म्हणजे ही साफसफाई फक्त त्या तीन प्रकरणांच्या स्टोरीपुरती (एकमेकांना जोडलेल्या फ्रेममधल्या सलग मजकुरापुरती) करा, अख्ख्या डॉक्युमेंटवर नको. शिफ्ट-एंटर मारून तोडलेल्या ओळीही तिथेच निघतील, त्यांचं चिन्ह ^n. त्या जागी स्पेस द्या, रिकामं सोडू नका, नाहीतर दोन शब्द एकमेकांना चिकटतील.